सरांचं पॅकेज

आमच्या कॉलेजात कुणी लॅबच्या दारातून "सर, एरर आली" म्हणून हाक मारली, तर सर खुर्चीतून हलत नसत. तिथूनच विचारत, "काय म्हणाली?"

"लाल अक्षरात आलीया, सर."

"रंग नाही विचारला. म्हणाली काय?"

मग ते पोरगं परत मशीनपाशी जाई, पडद्यावरचं वाक्य जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाची, आणि बहुतेक वेळा तिथंच त्याचं त्याला उमगे. सर तोवर डब्यातल्या भाजक्या शेंगदाण्यांची सालं काढत बसलेले असत. सालं एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला, आणि सगळे सोलून झाल्याशिवाय एकही तोंडात टाकायचा नाही.

हा प्रश्न ते माणूस, यंत्र असा भेद न करता सगळ्यांना विचारत. एकदा शिपाईमामा काळजीत होते. म्हणाले, "सर, विहिरीवरची मोटर चालंना."

"काय म्हणते?"

"आता मोटर काय म्हणनार?"

"आवाज करते की गप्प आहे?"

"घूं करती अन् गप बसती."

"मग कपॅसिटर बघा."

कपॅसिटरच गेला होता. त्यानंतर स्टाफरूममधले मिक्सर, सेट टॉप बॉक्स आणि एक शिलाई मशीनसुद्धा लॅबमध्ये येऊ लागलं. प्राचार्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तेव्हा सवयीनं सर त्यांनाही "काय म्हणतो?" विचारून बसले. प्राचार्य म्हणाले, "पाऊस येणार म्हणतो." सरांनी ते वहीत टिपून घेतलं आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "तुमच्या गुडघ्याचं चुकलं."

मी त्या कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले होते. येडगावहून नारायणगाव, तिथून एसटीनं जुन्नर, असं रोजचं येणं-जाणं. सर कॉलेजात तासिकेवर होते, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरतेच कॉलेजचे. उरलेल्या वेळात ते लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर कायतरी करत असत. पहिले दोन दिवस मला वाटलं, शेअर बाजाराचं असेल.

ते काम असं होतं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात करून देतो, त्याला कंपायलर म्हणतात. फारशी कुणाला ठाऊक नसलेली एक प्रोग्रामिंगची भाषा होती. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेली, फुकट, आणि कुणीही आतून उघडून बघावी अशी. तिचा कंपायलर तितक्याच फुकट अशा एका ऑपरेटिंग सिस्टिमवर लोकांना एका आज्ञेत बसवता यावा, म्हणून त्याचं नीट गाठोडं बांधून द्यावं लागतं. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. ते बांधायचं, नवी आवृत्ती आली की पुन्हा बांधायचं आणि कुठं फाटलं तर टाके घालायचे, हे सर करत. आधी हे काम करणारे परदेशातले कुणी आजोबा लोकांच्या तक्रारींना उत्तर देईनासे झाले, तेव्हा सरांनी पत्र लिहून विचारलं, मी बघू का? कुणी नाही म्हटलं नाही. मिळकत काही नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "देवळात दिवा लावणाऱ्याला कोण पगार देतं?" मग जरा विचार करून म्हणाले, "काही ठिकाणी देतात. पण इथं नाही."

तो कंपायलर त्याच भाषेत लिहिलेला होता. म्हणजे तो तयार करायला आधी तोच लागायचा. हे मला काही केल्या पटेना. सर म्हणाले, "मॅडम, घरी दही कशानं लावता?"

"विरजणानं."

"विरजण कसलं?"

"कालच्या दह्याचं."

"आणि पहिलं दही?"

मी आजी, पणजी असं मागं मोजू लागले. सर खूश झाले. ज्या गोष्टीचं मूळ सापडत नाही, पण जी रोज बिनतक्रार लागते, अशा गोष्टींवर त्यांचा फार जीव होता.

माझी नेमणूक झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एका रिकाम्या मशीनसमोर बसवलं, एक छापील कागद हातात दिला आणि म्हणाले, "ह्यात लिहिलंय तसं करून कंपायलर बसवा. मी बोलणार नाही." ते वही घेऊन शेजारी बसले आणि खरंच बोलले नाहीत. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'योग्य ती फाईल उतरवून घ्या.' समोर चौदा फायली. मी म्हटलं, "योग्य कुठली?" सरांनी वहीत लिहिलं. चौथ्या ओळीत होतं, 'आता फक्त सेटिंग करा.' मी म्हटलं, "फक्त म्हणजे? कुठलं सेटिंग?" त्यांनी तेही लिहिलं. दोन तासांत मला रडू यायचं बाकी होतं आणि सरांच्या वहीची तीन पानं भरली होती. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "फार चांगलं अडखळता तुम्ही. शिकलेली माणसं अशी अडखळत नाहीत, उडी मारून पुढं जातात."

ही स्तुती आहे हे कळायला मला आठवडा लागला.

छापील सूचनेवर त्यांची अशी निष्ठा होती, की सूचना त्यांच्यापुढं टिकत नसे. एका बँकेच्या मराठी फॉर्मवर लिहिलेलं होतं, 'मोठ्या अक्षरांत भरा.' सरांनी बोटभर उंचीची अक्षरं काढली. आडनावापर्यंत पोचेतो कागद संपला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, "ह्याहून मोठी हवी असतील तर दुसरा फॉर्म द्या." ते चेष्टा करत नव्हते. मराठीत मोठी अक्षरं न् छोटी अक्षरं नसतात, तेव्हा ह्या वाक्याचा दुसरा अर्थ काय निघतो, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

सरांचे वडील मेंढरं राखत. घराण्यात सगळ्यांनी शेती धरली तरी म्हाताऱ्यानं पंचवीस-तीस मेंढरं सोडली नव्हती. त्यांना कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर ते सांगत, "पॅकिंगचं बघतो." सरांनीच त्यांना तसं समजावलं होतं, त्यामुळे चूक म्हाताऱ्याची नव्हती. पण आमच्या भागात पॅकिंग म्हणजे टोमॅटोचं. एक दिवस नारायणगावचे एक टोमॅटोचे व्यापारी कॉलेजात आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं.

"सर, तुमी पॅकिंग करता असं कळलं. माझ्या शेडवर माणूस पायजे. येता का?"

"कशाचं पॅकिंग?"

"टोमॅटोच्या कॅरेटचं. तुमचं कशाचं हाय?"

"कंपायलरचं."

शेठनं खिशातलं एक पेन काढलं. "मार्केटला येतो का तो?"

"जगभर जातो."

"म्हंजे एक्सपोर्ट," शेठ म्हणाले आणि त्यांच्या नजरेत एकदम आदर आला. नंबर देऊन गेले. सरांनी तो जपून ठेवला. कुणाचाही नंबर ते टाकत नसत.

लग्नाच्या बैठकीत तर याच्याही वर झालं. हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना आपलं काय चुकलं ते शोधत होते. मुलीच्या मामांनी विचारलं, "पॅकेज किती?"

सर म्हणाले, "तीन."

"वर्षाला?"

"नाही, एकूण. एक मोठं आहे, दोन किरकोळ."

"पुढं वाढंल का?"

"न वाढलेलं बरं. आहेत तीच सांभाळून होत नाहीत."

मामा चहा न घेता उठले. सरांच्या आईनं चार दिवस अबोला धरला.

आता मुख्य गोष्ट. कंपायलरच्या सगळ्या तक्रारी इंग्रजीत. पोरं ती वाक्यं वाचत खरी, पण समजत नसत. तेव्हा सरांनी ठरवलं की हा कंपायलर मराठीत बोलेल. आधी त्यांनी शब्दकोश घेऊन भाषांतर केलं. पहिलंच वाक्य निघालं, 'अनपेक्षित चिन्हप्राप्ती.' वर्गातल्या एका मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "सर, ही लॉटरी हाय का?" सरांनी सगळं खोडलं आणि दुसरा मार्ग धरला. ते इंग्रजी वाक्याचा अर्थ माणसांना सांगत आणि विचारत, हे तुम्ही कसं म्हणाल? कँटीनवाल्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं, वडिलांना विचारलं. कंस उघडून बंद केला नाही तर काय म्हणायचं, यावर म्हातारा म्हणाला, "जाळीचं तोंड उघडं ऱ्हायलं. मेंढरं जातील." सरांनी जाळीच्या जागी कंस घालून बाकी तसंच ठेवलं. कंपायलर आता म्हणू लागला, 'ओळ बारा: कंसाचं तोंड उघडं राहिलंय.' मेंढरं मात्र मी काढायला लावली. सरांना ते बरेच दिवस लागलं होतं.

नियम असा होता की भाषांतर दुसऱ्या कुणीतरी तपासावं. दुसरं कुणी म्हणजे मी. मी तीन आठवडे बसून सगळी वाक्यं घासूनपुसून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव परदेशातल्या कुठल्याशा यादीत छापून आलं. येडगावात मी ते कुणाला दाखवलं नाही, पण फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवला.

त्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती निघायची होती. ती निघण्याआधी एक मुदत असते. त्या वेळेपर्यंत ज्या पॅकेजमध्ये गंभीर दोष राहील ते बाहेर काढतात. मुदतीला तीन दिवस उरले असताना सरांना त्या सिस्टिमवाल्यांचं ईमेलनं पत्र आलं. कंपायलर सगळ्या भाषांत नीट चालतो, फक्त मराठीत चालवला की मधेच कोसळतो. खाली त्या लोकांनी सौजन्यानं उपायही लिहिला होता: मराठीची फाईल काढून टाका, बाकी काही अडचण नाही.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, "काढून टाका सर. पुढच्या वेळी घालू."

"पुढची वेळ दोन वर्षांनी," ते म्हणाले. "ह्या पोरांचं कॉलेज तोवर संपलेलं असेल."

दोन दिवस शोधूनही दोष सापडेना. मुदतीचा दिवस नेमका गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाईट नसते. आणि कंपायलर पुरता बांधून तपासायला त्या जुन्या मशीनला चार तास लागत. सरांचा एक लॅपटॉप होता, पण तो अर्ध्या तासात तापून बंद पडे. सरांनी खिशातून नंबर काढला आणि टोमॅटोच्या शेठला फोन लावला. "तुमच्याकडे जनरेटर आहे ना? मला पॅकिंग करायचंय."

मशीन बाहेर न्यायला प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन सकाळी आम्ही निघालो. जीपमध्ये सर मधल्या सीटवर, मशीनचा डबा मांडीवर, मॉनिटर माझ्या मांडीवर. शेजारच्या आजींनी विचारलं, "टीव्ही बिघडला व्हय?" सर म्हणाले, "टीव्ही नाही, कंपायलर." आजी म्हणाल्या, "असू द्या. होईल दुरुस्त."

शेडमध्ये टोमॅटो निवडायचा पट्टा सुरू होता. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, लाल एकीकडं, कच्चे एकीकडं, फुटके खाली. शेठनं क्रेटवर क्रेट रचून टेबल करून दिलं आणि ते लिलावाला निघून गेले. जाताना बजावलं, "चारला गाडी भरली की जनरेटर बंद व्हनार बरं का, सर."

सर एकेक मुद्दाम चुकीचा प्रोग्राम कंपायलरला घालत आणि मी उमटलेलं वाक्य मोठ्यानं वाची. कुठलं वाक्य आलं की तो कोसळतो, ते शोधायचं होतं. वाक्यं तीनशेच्या वर होती. थोड्या वेळानं बायकांचं लक्ष पट्ट्यावरून उडालं.

"ह्या नावाचं इथं कुणी न्हाई," मी वाचलं.

"आमच्या जाऊबाईवानी बोलतंय," एक जण म्हणाली.

"हे एकदा सांगून झालंय. परत कशाला?"

"ही तर सासूच."

त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादम मावशी होत्या, करड्या बाई. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "जरा सावकाश वाच. मागं ऐकू येत न्हाई."

साडेदहाच्या सुमारास एका वाक्याशी पडदा थिजला आणि कंपायलर कोसळला. सरांनी फाईल उघडली. मूळ वाक्याचा अर्थ होता, 'ओळ अमुक, तमुक फाईलमधली.' अमुकच्या जागी आकड्याची खूण, तमुकच्या जागी नावाची. भाषांतरात मात्र नाव आधी आणि आकडा नंतर आला होता. यंत्र ठरल्याप्रमाणे पहिला आकडा देणार, दुसरं नाव. इथं ते आकड्यालाच नाव समजून वाचायला गेलं आणि पडलं. खाली, शेवटचा बदल कुणी केला, तिथं माझं नाव.

मला ते वाक्य चांगलं आठवत होतं. सरांनी इंग्रजीच्या क्रमानं लिहिलेलं, ते मला मराठी वाटेना, म्हणून मी दोन खुणांची अदलाबदल केली होती. यादीत नाव छापून आलं त्या दिवशी मला ज्याचा अभिमान वाटला, ते हेच वाक्य.

"मीच केलंय, सर," मी म्हटलं. पट्टा चालू होता, पण बायकांचे हात थांबले होते.

सरांनी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "मराठीला तुमचंच बरोबर आहे. आधी फाईल, मग ओळ. आधी गाव, मग घर." त्यांनी दोन्ही खुणांना एक-दोन असे नंबर घातले, की क्रम कसाही असला तरी यंत्राला कुठलं काय ते कळावं. एवढाच इलाज होता. मग त्यांनी वही काढली आणि भाषांतर करणाऱ्यांसाठीच्या सूचनांत भर घातली: 'खुणा हलवायच्या असतील तर नंबर घालून हलवा.' वर बघून मला म्हणाले, "हे आधी लिहायला हवं होतं मी. तुम्ही ह्या खड्ड्यात पडला नसता, तर पुढचा कुणीतरी पडला असता."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी शेडच्या मागं जाऊन तोंड धुऊन आले.

आता सगळं पुन्हा बांधायचं. अकराला सुरू केलं. तीन वाजायच्या आत व्हायला हवं होतं, पण शेडच्या पत्र्याखाली मशीन तापलं आणि रेंगाळू लागलं. पावणेचार झाले तरी शेवटची फेरी चालूच. जनरेटर बंद झाला असता तर सगळं पहिल्यापासून, आणि मुदत संध्याकाळची. गाडी जवळजवळ भरली होती. शेठ परत आले, मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले, "चला, झालं का? बंद करा."

मुकादम मावशींनी पडद्याकडं बघितलं, मग सरांकडं, मग समोरच्या भरलेल्या क्रेटमध्ये हात घालून एक टोमॅटो काढला. "शेठ, ह्या ढिगात कच्चा माल गेलाय. परत निवडावा लागंल."

"कुठाय कच्चा?"

"हा काय." टोमॅटो लालभडक होता. मावशींनी तो पटकन मुठीत धरला. बायकांनी तोवर दहा-बारा क्रेट पट्ट्यावर पुन्हा ओतले होते. शेठना सगळं दिसत होतं. त्यांनी एकदा सरांकडं पाहिलं, क्रेटवर बसले आणि म्हणाले, "निवडा. सावकाश निवडा. एक्सपोर्टचा माल हाय."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी पडद्यावर आलं, 'सगळं बरोबर हाय.' हे वाक्य माझं होतं. सरांनी माझ्या फोनच्या इंटरनेटवरून पॅकेज धाडलं आणि परदेशातून पोच येईपर्यंत खिशातले शेंगदाणे न सोलता, सालांसकट खाल्ले. मी त्यांना तसं करताना एकदाच पाहिलं. मावशींनी विचारलं, "गेलं का?" सर म्हणाले, "गेलं." सगळ्या बायकांनी पदराला हात पुसले आणि चहा झाला.

पुढच्या जूनमध्ये सर आमच्याकडून गेले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत त्यांना कायमची जागा मिळाली. घरच्यांना हायसं वाटलं. पण तिथं रेंज नव्हती. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बसवून पॅकेज माझ्या नावावर केलं. मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, "जमणार नाहीच. पण तुम्ही उत्तरं द्याल. ह्या कामात तेवढंच लागतं." आणि एक पेनड्राईव्ह खिशात घालून ते गेले. त्यात कंपायलर होता, त्याचं विरजण होतं आणि मराठी फाईल होती.

पाच-सहा महिने काही निरोप नाही. मग घोडेगावच्या टपालाचा शिक्का असलेलं जाडजूड पाकीट कॉलेजात आलं. आत दोषाची तक्रार होती, हातानं लिहिलेली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं नियमाप्रमाणे. अशा तक्रारीला हा त्रास आणखी कुणाकुणाला होतो ते जोडायची पद्धत असते. सरांनी ती जोडली होती. वहीच्या पानांच्या बावीस चिठ्ठ्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच वाक्य, 'मलाही हीच एरर आली,' आणि खाली नाव, इयत्ता. एकानं एरर आली त्या वेळचं चित्रही काढलं होतं. त्यात सर कोपऱ्यात काहीतरी सोलत बसलेले.

मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. सतराव्या चिठ्ठीवर सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'मला एरर आली नाही. माझं चाललं. सर म्हणाले, तेच लिही.'

मी पहिलं पत्र तिला लिहायला घेतलं. तू सगळ्यांपेक्षा वेगळं काय केलंस, ते अगदी सावकाश, एकेक पायरीनं कळव.